योकिच घेतला, मग फ्लॅग कशाला? सोलापूरच्या एका डायनॅस्टी ड्राफ्टचं प्रकरण

आमची एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉलची, फँटसी लीग आहे. तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे आळीपाळीने खरे खेळाडू निवडताना, गडबड झाली अठराव्या पिकवर (निवडीवर) आणि ती निस्तरली गेली तेविसाव्याच्या आधी. मधे एक रात्र गेली. डायनॅस्टी लीगमध्ये पुढच्या चार-पाच वर्षांचं गणित अशा एखाद्या रात्रीत ठरून जातं, म्हणून ते प्रकरण सविस्तर मांडतोय. लीगचा कमिशनर, म्हणजे ती चालवणारा, मी आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचं बोलणं माझ्या कानावर होतं. संबंधितांची लिहायला हरकत नाही.

निकाल लागायच्या आत लिहितोय, तेही मुद्दाम. हे लिहिताना एनबीएचा २०२५-२६ चा सीझन दिवाळीत नुकता सुरू झालाय. एप्रिलमध्ये लिहायला बसलो असतो तर कोण जिंकलं त्यावरून निर्णय बरोबर की चूक ते ठरवायचा मोह झाला असता. ड्राफ्टमधला निर्णय तपासायचा तो त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवर. जानेवारीत कुणाचा गुडघा दुखावणार हे सप्टेंबरात कुणालाच ठाऊक नसतं.

ज्यांनी फक्त क्रिकेटची फँटसी खेळलीय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिथे टीम एका मॅचपुरती असते, संध्याकाळी हिशेब संपतो. डायनॅस्टीत एकदा घेतलेला खेळाडू तुम्ही विकेपर्यंत किंवा तो निवृत्त होईपर्यंत तुमचाच. सगळ्यात मोठा ड्राफ्ट पहिल्या वर्षी होतो, त्याला स्टार्टअप म्हणतात. त्यानंतर दर उन्हाळ्यात फक्त नव्या पोरांचा, म्हणजे रुकीजचा ड्राफ्ट. पुढच्या वर्षांचे रुकी पिकसुद्धा आज विकता-घेता येतात. म्हणजे आजचा गुण आणि तीन वर्षांनंतरचा गुण एकाच बाजारात विकायला असतात, आणि प्रत्येक पिकला तुम्ही त्यातलं काय विकत घेताय हे ठरवावं लागतं.

आमची लीग दहा जणांची, फॅनट्रॅक्स या फँटसीच्या साइटवर. प्रत्येकाकडे सोळा खेळाडू, नऊ कॅटेगरी: पॉइंट, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), असिस्ट (बास्केट करून देणारा पास), स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (शॉट अडवणं), थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट), फील्ड गोल टक्के (किती शॉट बसले), फ्री थ्रो टक्के (फाउलनंतरच्या मोकळ्या शॉटचे) आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणं, जितकं कमी तितकं चांगलं). आठवड्याला एकाशी सामना, नवांपैकी पाच जिंकल्या की आठवडा तुमचा. पैसा अजिबात नाही. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावायची फँटसी देशात बंदच झाली. आमच्यात तो विषय मुळातच नव्हता. जिंकणाऱ्याला मिळतो टॉवेल. मामांच्या जॅकार्ड लूमवर विणलेला, एका काठाला टीमचं नाव आणि दुसऱ्या काठाला साल. पैशापेक्षा त्या टॉवेलसाठी माणसं जास्त जीव टाकतात, हे मी रोज बघतोय.

हे मामा म्हणजे या प्रकरणातले एक मालक. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. कॉलेजात असताना बास्केटबॉल खेळलेले, अजूनही पहाटे उठून मॅच लावणारे. दुसरा मालक त्यांचा भाचा, इंजिनिअरिंगला, एक्सेलमध्ये डोकं घालून बसणारा. टीम दोघांची मिळून. लॉटरीत त्यांना तिसरा नंबर आला. स्नेक ड्राफ्ट, म्हणजे फेरी दर वेळी उलटी फिरते. त्यामुळे त्यांचे पिक होते ३, १८, २३, ३८, ४३ आणि तसेच पुढे.

पहिल्या दोन फेऱ्या एकत्र बसून करायच्या आणि बाकीच्या अ‍ॅपवर सावकाश, असं ठरलं होतं. गणपती विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी, १४ सप्टेंबरला, मामांच्या कारखान्याच्या पॅकिंगच्या खोलीत सगळे जमलो. भाच्याने खोक्याचा मोठा पुठ्ठा भिंतीला लावला होता आणि गाठींवर नंबर टाकायच्या मार्करने त्यावर दहा रकाने आखले होते. स्वतःच्या रकान्यात त्याने दोन रंग ठेवले: मामांच्या पसंतीचा खेळाडू लाल शाईत, त्याच्या पसंतीचा निळ्या. मला तेव्हाच ते खटकलं होतं.

पहिला पिक वेम्बन्यामा. यात कुणालाच शंका नव्हती. तेव्हा २१ वर्षांचा, मॅचला ३.८ ब्लॉकची सरासरी. फेब्रुवारीत खांद्यात रक्ताची गुठळी निघाली म्हणून त्याचा गेला सीझन ४६ सामन्यांवर थांबला, पण जुलैत डॉक्टरांनी खेळायला मोकळीक दिली होती. दुसरा शे गिल्जस-अलेक्झांडर, २०२५ चा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आणि त्याच वर्षीच्या विजेत्या संघातला. तिसऱ्याला मामा-भाच्यासमोर दोघे होते: तिशीतला निकोला योकिच आणि २६ वर्षांचा लुका डॉनचिच.

भाचा म्हणाला, "मामा, चार वर्षांचा फरक आहे. लुका घ्या."

मामांनी मागच्या सीझनचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले: २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट. अख्ख्या सीझनची सरासरी ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्ही आकडे दोन अंकी, ठेवणारा तो पहिला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू). "आणि हा काय उड्या मारून खेळतो का? त्याचं सगळं डोक्यात आहे आणि हातात आहे. असला खेळाडू लवकर म्हातारा होत नाही." योकिच लाल शाईत लिहिला गेला. मला हा पिक पटला. वय मोजताना नुसता आकडा बघून चालत नाही, खेळ कशावर उभा आहे ते बघावं लागतं. वेगावर आणि उडीवर जगणारा गार्ड (चेंडू पुढे नेणारा खेळाडू) तिशीनंतर पटकन उतरतो. पासिंगवर आणि जागेवरून शूटिंगवर जगणारा टिकतो.

मग आला अठरावा. कूपर फ्लॅग, २०२५ च्या एनबीए ड्राफ्टमधला पहिला पिक, अजून पुठ्ठ्यावर नव्हता. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार त्याची लॉटरी असते. तिथे डॅलसला पहिला नंबर मिळायची शक्यता १.८ टक्के होती आणि तरी तो नंबर त्यांना लागला, ही गोष्ट आमच्यात सगळ्यांना माहीत. पोरगा १८ वर्षांचा. भाच्याचे डोळे लकाकले. मामांना तिथे एखादा तयार माणूस हवा होता. पण पहिला पिक आपल्या मनासारखा झालाय, तेव्हा दुसरा पोराचा, असं म्हणून त्यांनी हात झटकले. फ्लॅग निळ्या शाईत.

घरात वाटणी करायची ही पद्धत चांगली असेल, ड्राफ्टमध्ये ती महागात पडते. योकिच घेतला म्हणजे तुम्ही म्हणालात, मला २०२६ आणि २०२७ जिंकायचंय. फ्लॅग घेतला म्हणजे म्हणालात, मला २०२९ नंतर जिंकायचंय. दोन्ही पिक स्वतंत्रपणे बघितले तर उत्तम. पण फ्लॅग त्याच्या ऐन भरात येईल तेव्हा योकिच चौतीस-पस्तिशीत असेल. आणि योकिच आज आठवडे जिंकून द्यायला बसलाय तेव्हा दुसऱ्या फेरीच्या जागेवर एक रुकी शिकत असेल. रुकीचं पहिलं वर्ष नऊ कॅटेगरीत बहुतेकदा वाईटच जातं: टर्नओव्हर जास्त, शूटिंगचे टक्के कमी. २०२३ ला तिसऱ्या नंबरला गेलेला स्कूट हेंडरसन पहिल्या वर्षी ३८.५ टक्क्यांनी शूट करत होता. २०२२ चा दुसरा, चेट होल्मग्रेन, पायाच्या दुखापतीने पहिल्या वर्षी एकही सामना खेळला नाही. झायन विल्यमसनचं तर तिसरं वर्ष, २०२१-२२, दुखापतीने अख्खं गेलं. हे तिघे वाईट खेळाडू आहेत असं मला म्हणायचं नाही. जिंकायच्या वर्षात त्यांच्यावर दुसरी फेरी घालवणं परवडत नाही, एवढंच म्हणायचंय.

विसाव्या पिकवर वेम्बीवाल्याने कार्ल-अँथनी टाऊन्स घेतला आणि आम्ही त्या दिवसापुरतं उठलो. वेम्बीवाला म्हणजे पहिल्या पिकला वेम्बन्यामा घेतलेला, आमच्यातला बँकेत नोकरी करणारा मित्र. त्याच्यासाठी टाऊन्स हा पिक तसाच विचित्र होता. २१ वर्षांच्या वेम्बीभोवती टीम बांधायची, तर तिशीला आलेला सेंटर कशाला? पण त्या क्षणी यादीत वरचं नाव तेच होतं, म्हणून त्याने घेतलं. स्टार्टअपमध्ये हे फार होतं.

सगळे गेले, मी आणि ते दोघे थांबलो. भाकरी, शेंगाचटणी आणि दही असं जेवण मागवलं होतं ते उशिरा खाल्लं. पुढचा त्यांचा पिक तेविसावा, आणि त्यासाठी भाच्याच्या मनात टायरीझ हॅलिबर्टन होता. वय २५, गेल्या सीझनला ९.२ असिस्ट आणि फक्त १.६ टर्नओव्हर, एवढा स्वच्छ पॉइंट गार्ड दुसरा नाही. पण जूनमध्ये फायनलच्या सातव्या सामन्यात त्याचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि २०२५-२६ तो खेळणारच नाही हे त्याच्या इंडियाना संघाने जाहीर केलेलं. म्हणून तो एवढा खाली आला होता.

भाचा म्हणत होता, "मामा, पहिल्या फेरीचा माणूस तिसऱ्या फेरीत मिळतोय."

मामा पुठ्ठ्याकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "अरे, ऑर्डर डिसेंबरची आहे आणि तू मार्चला उतरणाऱ्या मशिनी बुक करतोयस. एक केलीस, आता दुसरी करतोस. डिसेंबरला मी पाठवू काय?"

त्या एका वाक्याने गाडी रुळावर आली. भाच्याने लॅपटॉप उघडला आणि त्याचा तक्ता दाखवला. प्रत्येक खेळाडूच्या पुढच्या पाच वर्षांच्या अंदाजाची सरळ बेरीज, सगळ्या वर्षांना सारखं वजन. या हिशेबात फ्लॅग योकिचच्या जवळपास पोचत होता आणि हॅलिबर्टन या वर्षी खेळणाऱ्या ट्रे यंगच्या पुढे जात होता. मी त्याला एवढंच विचारलं, की पाचव्या वर्षीचा एक गुण आणि या वर्षीचा एक गुण तुला सारखाच हवाय का? त्याने वजनं बदलली: या वर्षाला १, पुढच्याला ०.७, तिसऱ्याला ०.५, पुढे काही नाही. यादी डोळ्यांसमोर उलटीपालटी झाली. हॅलिबर्टनच्या सगळ्यात वजनदार रकान्यात शून्य आलं. फ्लॅग बराच खाली सरकला. योकिच, टाऊन्स आणि करी, ड्युरंट, हार्डन असे म्हातारे वर आले.

ही वजनं काही जगाचा नियम नाही. त्या रात्री दुसऱ्या कुणी, समजा वेम्बीवाल्याने, हाच तक्ता केला असता तर त्याने ०.५, ०.८, १, १ अशी उलटी वजनं घातली असती आणि तीही बरोबरच असती. खेळाडूची किंमत एकच नसते, ती ज्याच्या त्याच्या वेळापत्रकावर ठरते. आणि म्हणूनच सौदा जमतो. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटतं, आणि दोघांचंही खरं असतं.

फ्लॅग विकायचा, हे ठरलं. कधी? भाच्याचं म्हणणं, सीझन सुरू होऊ दे, दोन-चार मोठे सामने झाले की भाव चढेल. मामा साशंक होते, मीही. रुकीने अजून एकही शॉट चुकवलेला नसतो तोवर त्याचा भाव सगळ्यात चढा. पहिल्याच महिन्यात ३८ टक्के शूटिंग दिसलं की गिऱ्हाईक घासाघीस करायला लागतं. शिवाय ड्राफ्ट चालू असतानाच विकला तर बदल्यात आलेल्या खेळाडूप्रमाणे पुढचे पिक वळवता येतात. नोव्हेंबरात विकला तर बाकीची टीम आधीच चुकीच्या साच्यात बसलेली असते.

साडेदहाच्या सुमारास वेम्बीवाल्याला मेसेज गेला. तो म्हणे त्याच विचारात होता. वेम्बी आणि फ्लॅग एका टीममध्ये, ही कल्पना कुणाला नको असेल? घासाघीस झाली ती टाऊन्सच्या वर काय यावर. शेवटी ठरलं: फ्लॅग आणि शेवटच्या फेरीतला १५८ वा पिक द्यायचा, टाऊन्स आणि ४० वा पिक घ्यायचा. १५८ वा पिक नावापुरता, दोन्हीकडे सोळा खेळाडूंचा हिशेब जुळावा म्हणून.

सकाळी ग्रुपवर आरडाओरडा झाला. दोघांचं म्हणणं, मामांना लुटलं, कमिशनरने रद्द करावं. एकाचं म्हणणं नेमकं उलटं, वेम्बीवाल्याला लुटलं. मी सौदा मंजूर केला. आमच्या नियमांत व्हेटो फक्त संगनमतासाठी आहे, आणि तो मतदानाने नाही. लोकांना मत द्यायला लावलं की प्रत्येक जण स्वतःच्या टीमच्या सोयीने मत देतो, आणि दोन वर्षांत कुणी सौदाच करत नाही. सौदे थांबले की डायनॅस्टी लीग मेली.

तेविसाव्याला ट्रे यंग घेतला. वय २६, गेल्या सीझनला ११.६ असिस्ट, २४.२ पॉइंट. दोष दोन: फील्ड गोल ४१ टक्क्यांच्या आसपास आणि मॅचला पावणेपाच टर्नओव्हर. पण योकिच ५७ टक्क्यांच्या वर शूट करतो आणि भरपूर शॉट घेतो, तो हे टक्के बराचसा भरून काढतो. टर्नओव्हरचं म्हणाल, तर तिथे टीमचा साचा दिसायला लागला होता. योकिचचे ब्लॉक ०.६, टाऊन्सचे ०.७. दोन सेंटर असूनही ब्लॉक नाहीतच. मग त्या कॅटेगरीच्या मागे धावायचं कशाला? ब्लॉक आणि टर्नओव्हर सोडून द्यायचे, उरलेल्या सातांतल्या पाच जिंकायच्या. याला पंट म्हणतात, आणि पंट जितका लवकर ठरेल तितके पुढचे पिक स्वस्तात पडतात. ब्लॉकवर जगणाऱ्या रूडी गोबेअरसारखी नावं त्यांच्या यादीतून उडालीच, त्यांच्यावर विचार करण्यात वेळही गेला नाही.

हॅलिबर्टन चोविसाव्याला गेला. घेणाऱ्याची टीम पोरांची आहे, त्याला हे वर्ष हरून वरचा रुकी पिक मिळवायचाच आहे. त्याच्यासाठी तो ड्राफ्टमधला सगळ्यात चांगला सौदा असू शकतो.

मग चौथी-पाचवी फेरी, आणि इथे रात्रीच्या मेहनतीचं चीज झालं. ३८ ला स्टीफन करी, ४० ला केव्हिन ड्युरंट, ४३ ला जेम्स हार्डन. तिघेही छत्तीस-सदतिशीचे. एका वर्षाच्या लीगमध्ये ही नावं पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जातात. स्टार्टअपमध्ये बाकीचे सगळे वय बघून मागे सरतात आणि भाव निम्म्यावर येतो. करीचे फ्री थ्रो ९३ टक्के आणि मॅचला चारच्या वर थ्री. ड्युरंट २६.६ पॉइंट, तेही ५२ टक्क्यांच्या वर शूट करून. हार्डन ८.७ असिस्ट आणि ७९ सामने खेळलेला. दोन वर्षं पुरले तरी वसूल. अर्थात हे फक्त त्यालाच परवडतं, ज्याने दोन वर्षांतच जिंकायचं ठरवलंय. फ्लॅग आणि हॅलिबर्टन ठेवून हे तिघे घेतले असते तर म्हातारे संपायच्या वेळी पोरं तयार होत असती, आणि टीम दर वर्षी पाचवी-सहावी येत राहिली असती. डायनॅस्टीत पाचवा नंबर सगळ्यात वाईट: टॉवेल नाही आणि चांगला रुकी पिकही नाही. आमच्यात रुकी पिकची लॉटरी फक्त तळाच्या चौघांना आहे.

मधल्या फेऱ्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नोंद घ्यावी अशी एकच जोडी. भाच्याला एक पोरगा घ्यायची मुभा दिली होती. त्याने ८३ व्याला ह्यूस्टनचा रीड शेपर्ड घेतला, २०२४ चा तिसरा पिक, गेल्या वर्षी बाकावरच बसलेला. त्याचं कारण भावनेचं नव्हतं. ह्यूस्टनचा पॉइंट गार्ड फ्रेड व्हॅनव्हलीट ३१ वर्षांचा, तो नसेल तेव्हा चेंडू कुणाच्या तरी हातात जाणारच. मामांनी मग ९८ व्याला व्हॅनव्हलीटच घेतला. घटस्थापनेच्या आसपास, ड्राफ्ट चालू असतानाच, व्हॅनव्हलीटच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटल्याची बातमी आली. एक जागा मेली, दुसरी जिवंत झाली. जिंकायला निघालेल्या टीममध्येही एखादा पोरगा असावा, पण तो असा, ज्याची वाट तुमच्याच म्हाताऱ्याच्या मागून जाते.

त्याच आठवड्यात सीना नदीला पूर आला. माढा, मोहोळकडची गावं पाण्यात गेली, आणि आमच्यातल्या एकाचं घर तिकडे. मी ड्राफ्टचं घड्याळ बंद केलं आणि तो स्वतः म्हणेपर्यंत चालू केलं नाही. ज्यांना लीग सुरू करायची असेल त्यांनी हा अधिकार कमिशनरकडे आधीच लिहून ठेवावा.

पाडव्याच्या पहाटे पहिला सामना झाला, ह्यूस्टन विरुद्ध ओक्लाहोमा सिटी. दोन ओव्हरटाइम आणि १२५-१२४. ड्युरंट नव्या संघाकडून २३ पॉइंट करून सहाव्या फाउलवर बाहेर गेला, आणि त्याच फाउलच्या फ्री थ्रोवर शे ने सामना काढला. मामा उठलेलेच होते.

एका गोष्टीत मात्र माझं भाच्याशी जमत नाही. ड्राफ्टमध्ये मामांना २०२६ चा पहिल्या फेरीचा रुकी पिक विकायचा होता, भाच्याने विकू दिला नाही. २०२६ च्या पोरांत डॅरिन पीटरसन, एजे डिबान्सा, कॅमेरॉन बूझर अशी नावं आहेत, असलं वर्ष वारंवार येत नाही, हे त्याचं म्हणणं. नावं खरीच आहेत. पण ही टीम जिंकण्यासाठी बांधलीय. ती ठरल्याप्रमाणे खेळली तर त्यांचा पिक नववा किंवा दहावा असेल, आणि तिथवर यातला एकही उरणार नाही. बाजारात मात्र आज सगळे त्या पिककडे याच तीन नावांच्या आशेने बघतायत. जानेवारीत टेबल स्पष्ट झालं की तोच पिक अर्ध्या भावात जाईल. गेल्या आठवड्यात त्याच्या बदल्यात झॅक लाव्हीन द्यायची एक ऑफर आली. थ्री, फ्री थ्रो, पॉइंट, सगळं त्यांच्या साच्यातलं. मामांनी होकार कळवायला सांगितलाय. भाचा म्हणतो, "मामा, रविवारपर्यंत थांबा." मी असतो तर रविवारची वाट बघितली नसती.